कुंड्यांचं माहेरपण

झाड तोडून झाड वाढवायचं, हा माझा धंदा. लोकांना वाटतं, नर्सरी म्हणजे बी पेरायचं आणि पाणी घालायचं. बी पेरणारे वेगळे. मी कंदवाली. शोभेचा अळू, कर्दळ, सोनटक्का अशी जमिनीत गड्डा धरणारी झाडं मी पस्तीस वर्षं विकली. ह्यांचं बी कुणी लावत नाही. गड्डा जुना झाला की त्याला बाजूने पोरं फुटतात. ती सुरीने सोडवायची, जखमेला राख लावायची, दोन दिवस सावलीत सुकवायची आणि लावायची. एका गड्ड्याला वर्षात चार पोरं, बरा असला तर पाच. त्याहून जास्त मागाल तर झाड देत नाही.

माझं घर पोलादपूरच्या वर, महाबळेश्वरच्या रस्त्याला. विक्रीची जागा खाली, महाडहून दासगावकडे जाताना हायवेला लागून, भाड्याची. घरामागे न्हाणीचं पाणी जातं तिथे आईचा वाफा होता. ज्या गड्ड्यांपासून पोरं काढायची त्यांना आम्ही आई म्हणतो. आई कधी विकायची नाही आणि खालच्या जागेवर न्यायचीही नाही. पोराला तीन पानं येऊन आईसारखी दिसल्याशिवाय त्याला कुंडीत भरायचं नाही. हे नियम मला कुणी शिकवले नाहीत. चुका करून शिकले.

त्या वाफ्यातला काठाचा अळू माझा स्वतःचा. दुसऱ्याच्या नर्सरीत मजुरी करत होते तेव्हा साध्या काळ्या दांड्याच्या अळवात एका पोराला पांढरा काठ आलेला दिसला. नऊवारीला असतो तसा, सारख्या रुंदीचा. मालक म्हणाला, "रोगट असंल, टाक." मी टाकला नाही, पदरात बांधून घरी आणला. पुढे मी वेगळी झाले ती त्याच झाडाच्या जोरावर. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या, लोक विचारायचे, "काठाचा आहे का?" दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मी भाव सांगायचे, तो ऐकून लोक तोंड वाकडं करायचे आणि घेऊन जायचे.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडे नव्हती. मी गिऱ्हाइकाला सांगायचे, कुंडी भरली की मे महिन्यात परत आणा, फुकट फोडून देते. आई तुमची, दोन पोरं तुमची, एक माझं. लोक ह्याला माहेरपण म्हणायला लागले. वैशाखात माझ्या जागेवर रिक्षातून कुंड्या उतरायच्या. महाडचे एक निवृत्त गुरुजी दरवर्षी त्यांची कुंडी मांडीवर घेऊन यायचे. झाड त्यांच्या बायकोने घेतलेलं. ती गेली, कुंडी राहिली. उतरले की म्हणायचे, "बाई, तुमची लेक आणलीय. चहा-पाणी करा तिचं."

मी म्हणायचे, "लेकीला घाम आलाय गुरुजी. उन्हात कशाला बसवून आणली?"

"जावयाकडे रिक्षाच आहे. गाडी नाही."

हे सगळं करायला माझ्याकडे एक सुरी होती. पोलादपूरच्या लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून केलेली, वाकड्या टोकाची. पस्तीस वर्षांत पातं अर्धं झालं. मी ती कुणाला धार लावायला दिली नाही. दिली फक्त माझ्या धाकट्या जावेला, पारूला. पारूचं खाण्याच्या अळूचं शेत माझ्या वाफ्याच्या खालच्या अंगाला. श्रावणात आणि गणपतीत तिच्या पानांच्या जुड्या महाडच्या बाजारात जायच्या. तिला गड्डे फोडायचे असले की कुंपणावरून हाक यायची, "वयनी, सुरी दे गो." मी सुरी पदराला पुसून द्यायचे. ती तिच्या पदराला पुसून परत द्यायची.

एकवीस सालच्या जुलैत सावित्री चढली आणि माझी खालची जागा बुडाली. पाणी उतरलं तेव्हा तिथे गुडघाभर चिखल होता आणि एकही कुंडी नव्हती. त्याच पावसात तळीयेवर डोंगर आला, वाडी माणसांसकट गाडली गेली. त्यामुळे माझ्या कुंड्या गेल्या म्हणून रडायची सोय नव्हती, आणि मी रडलेही नाही. घरामागचा आईचा वाफा उंचावर होता, तो राहिला. पण आयांना चार-चार पोरं काढून ती जागा पुन्हा भरायची म्हणजे चार-पाच वर्षं. माझं वय तेव्हा सत्तरच्या जवळ.

त्या थंडीत लॅबचा माणूस आला. देशावरचा, शर्ट खोचलेला, बोलायला नम्र. ह्या लॅबमध्ये बाटलीत झाडं करतात. टिश्यू कल्चर म्हणतात ते. त्याने माझा वाफा बघितला. आया झोपलेल्या होत्या. अळू थंडीत पानं टाकतो आणि जमिनीखाली निजतो. एकदोन कुंड्या मी पाणी घालून जाग्या ठेवल्या होत्या, त्यातला काठाचा अळू त्याला दिसला.

"मावशी, एका कंदातून वर्षाला किती रोपं करता?"

"चार."

"आम्ही हजारो करतो."

"मग त्या हजारांकडे बघतं कोण?"

तो हसला. मला हसू आलं नाही, पण मी विचार करायला लागले. खालची जागा डोळ्यांसमोर मोकळी दिसत होती. पाहुण्यासारखी एकदा त्यांची लॅब बघून आले. काचेच्या खोलीत पांढऱ्या कोटातल्या मुली बसलेल्या, तोंडाला फडकं. झाडाच्या कोंबाचा तांदळाएवढा तुकडा कापायचा, बाटलीतल्या खळीसारख्या खाऊवर ठेवायचा, झाकण लावायचं. महिन्याभरात त्याला झुपका येतो, तो पुन्हा कापायचा. कापताना प्रत्येक वेळी त्या मुली पातं स्पिरिटमध्ये बुडवून दिव्यावर धरत होत्या. कापलं की जाळ, कापलं की जाळ. मी बरोबरच्या माणसाला म्हटलं, "एवढ्याशा तुकड्याला केवढं हे सोवळं!" तोही हसला. हे वाक्य मला आता रोज आठवतं.

मी तीन पोरं दिली. आई दिली नाही, एवढं शहाणपण राहिलं होतं.

पुढच्या पावसाच्या तोंडाला ट्रे आले. चौदा. बाटलीतलं रोप बाहेर आलं की त्याला हवेची सवय लावावी लागते. ते काम लॅबच्या मागच्या शेडमध्ये होतं. तिथे पुढे काच नाही, कोट नाही, दिवा नाही. दहा ठिकाणचे दहा प्रकारचे अळू एकमेकांना लागून ठेवलेले आणि वर मावा, पानांचा रस शोषणारे बारीक किडे. हे मला नंतर कळलं. ट्रे उतरवले तेव्हा रोपं बोटभर होती, मुळं केसासारखी, पण हिरवीगार. त्यांना ठेवायला खाली सावली नव्हती, शेड पुरात गेलेली. म्हणून वर, घरामागे, आईच्या वाफ्याला लागून ठेवले. तीन पोरांचे चौदा ट्रे झाले म्हणून पारूनेही बघून घेतलं.

"वयनी, ही सगली तुझ्या एका झाडाची पोरं?"

"हो."

"बया! पांडवांच्या वर गेलीस."

"पांडव नाय गो, कौरव."

पानं उलगडायला लागली तसं आमचं हसणं थांबलं. निम्म्याहून जास्त रोपांना काठच नव्हता. साधा हिरवा अळू. काहींचा पांढरा रंग काठाऐवजी मधोमध आलेला, ती दोन पानं काढून मेली. पुढे एका शिकलेल्या बाईंनी मला कारण सांगितलं. पांढरा काठ झाडाच्या एका थरात असतो. इवल्याशा तुकड्यातून नवं झाड केलं की तो थर कधी येतो, कधी येत नाही. जितकी जास्त वेळा तुकडे कराल तितका धोका जास्त. लॅबवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "थोडंफार असं चालतंच मावशी." चौदा ट्रेमधलं थोडंफार मी निवडत बसले.

दुसरं वाईट लगेच समजलं. माझीच तीन पोरं लॅबने दुसऱ्यांसाठीही वाढवली होती. तसं करायचं नाही असं कागदावर कुठे होतं, आणि असतं तरी मी कुठे वाचणार होते? दिवाळीपर्यंत काठाचा अळू घाटातल्या प्रत्येक हॉटेलच्या फाटकाला उभा. गाड्या थांबायच्या, विचारायच्या आणि पुढे जायच्या. वर तिथे स्वस्त मिळतो म्हणायच्या. पस्तीस वर्षं जे एकट्या माझ्याकडे होतं ते एका पावसात सगळ्यांचं झालं. ह्याचं दुःख मला झालं, पण त्याने मी मेले नसते. झाडाने काही माझ्या नावाने लिहून दिलं नव्हतं.

तिसरं मात्र मला समजलं नाही, आणि तिथेच घात झाला. काठ आलेल्या काही रोपांच्या पानांवर शिरांच्या बाजूने फिकट पिवळे पट्टे होते. पक्ष्याचं पीस ठेवून छापल्यासारखे. मी ते हातात घेऊन उन्हात धरलं आणि मला ते सुंदर वाटलं. खरं सांगते. मला आठवला तो जुना मालक, "रोगट असंल, टाक" म्हणणारा. तेव्हा त्याचं ऐकलं नाही म्हणून माझं घर उभं राहिलं. त्यामुळे आताही मी टाकलं नाही. ती रोपं वेगळी काढली, पिसाचा अळू म्हणून चढ्या भावाने विकली. लोकांनी आवडीने नेली. चांगली दोन रोपं मी आईच्या वाफ्यात लावली.

तीन पानांचा नियम मी स्वतः मोडला, कारण जागा भरायची घाई होती.

पुढच्या मे महिन्यात नेहमीसारखं माहेरपण झालं. पुरानंतरचं पहिलंच मोठं, कारण मधल्या वर्षी लोक आले नव्हते. सकाळी बसले ती दुपारपर्यंत फोडत होते. आधी पिसाचा फोडला, मग गुरुजींची लेक, मग बाकीच्या. कुंडीमागून कुंडी, एकच सुरी. रस वाळून पातं चिकट झालं की पदराला पुसायचं. गुरुजी बाजूला बसून चहा पीत म्हणाले, "ह्या वर्षी लेक बाळसं धरून आलीय." संध्याकाळी पारू सुरी घेऊन गेली. तिला गणपतीसाठी नवा वाफा लावायचा होता.

श्रावणात पारू कुंपणाशी आली. हाक मारली नाही, नुसती उभी राहिली. तिच्या हातात खाण्याच्या अळूचं पान होतं. आखूड, सुरकुतलेलं, आणि त्यावर पीस.

"बाजारातली घेणारी म्हणते, रोगट पानं आणू नको. सगली जुडी परत पाठवली. आख्खा वाफा असा झालाय. तुझ्या शोभेनं माझा अळू खाल्ला गो, वयनी."

मी म्हटलं, "असं काय करतेस, हवेचं असंल."

"हवा काय तुझ्या कुंपणापासून खालीच येते?"

शेतकी कॉलेजात शिकवणाऱ्या एक मॅडम अधूनमधून माझ्याकडे कर्दळी घ्यायच्या. त्याच त्या शिकलेल्या बाई. त्यांना मी घरी बोलावलं. त्यांनी पान उलटंपालटं करून बघितलं, वाफ्यातून दोनदा फिरल्या. मग विचारलं, "गड्डे कशाने फोडता?" मी सुरी आणून त्यांच्या हातात दिली. अभिमानाने दिली.

"दोन गड्ड्यांच्या मध्ये ही कशाने साफ करता?"

"पदराने."

त्यांनी सुरी खाली ठेवली. मग साध्या शब्दांत सांगितलं. हा रोग रसातून जातो. सुरीने जातो आणि माव्याने उडत जातो. ह्याला औषध नाही. झाड लगेच मरत नाही, एखाद्या मोसमात पान स्वच्छही येतं, म्हणून माणूस फसतो. पण गड्ड्यात शिरला की तो गड्डा संपला. शोभेचा, खायचा, रानअळू म्हणजे आपलं तेरं, सगळे एकाच जातीचे, सगळ्यांना लागतो.

मी म्हटलं, "म्हणजे लॅबने दिला."

"शेडमध्ये लागला असेल. किंवा दुसऱ्या कुणाच्या झाडाबरोबर आला असेल. आईझाड आधी तपासून घेतलं आणि पुढे नीट सांभाळलं तर बाटलीतलं रोप तुमच्या रोपाहून स्वच्छ असतं, मावशी. घाईने हजारोंनी केलं की एकाचं दुखणं हजारांना जातं."

"आणि माझ्या सुरीने?"

"तुमच्या सुरीने पुढे गेला."

हे बोलणं कडू होतं, पण खरं होतं. लॅबला मी पुष्कळ शिव्या दिल्या, अजून देते. मात्र त्या मुली पातं जाळताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि हसून घरी आले होते.

मॅडमनी सांगितलं तसा सगळा अळू काढला. वाफा, कुंड्या, कुंपणाकडेचं तेरंसुद्धा. अळूचा गड्डा जळत नाही, तो पाण्याचा असतो. म्हणून मागच्या अंगणात चूल मांडून मोठ्या हंड्यात पाणी उकळलं आणि गड्डे त्यात टाकले. तीन दिवस उकळत होते. काठाच्या अळूच्या सगळ्या आया मी शेवटी टाकल्या. घरभर सणाच्या दिवसासारखा शिजलेल्या अळूचा वास. पारूने तिचे गड्डे आणून ह्याच हंड्यात ओतले. त्यानंतर ती सुरी मागायला आली नाही. सुरीही मी उकळली, पण पुन्हा वापरली नाही. ती आढ्याला खोचलेली आहे.

मग माहेरपणाला आलेल्या कुंड्या. माझ्याकडे वही नव्हती, चेहरे पाठ होते. महाडमध्ये, बिरवाडीला, घाटात, ज्यांची घरं माहीत होती तिथे एसटीने फिरले. प्रत्येकाच्या दारात तेच पान, तेच पीस. कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं, "दिसतंय छान, राहू दे की." गुरुजींकडे शेवटी गेले, कारण जायची हिंमत नव्हती.

त्यांनी कुंडी खिडकीत ठेवली होती. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्याकडे दुसरा अळू नाही. मी ठेवतो. कुणाला लागणार?"

"मावा उडतो, गुरुजी. मागच्या अंगणात वेगळं बिऱ्हाड आहे, त्यांनी अळू लावलाय."

त्यांनी कुंडी खिडकीतून उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही जा आता. माझं मी करतो." मी गेले. त्यांनी केलं असणार. ते दिला शब्द पाळणारे. पुन्हा कधी माझ्याकडे आले नाहीत. यायचं कारणच उरलं नव्हतं.

असं करत सगळीकडून काठाचा अळू मी स्वतःच्या तोंडाने संपवला. घाटातल्या हॉटेलांत लॅबचे होते तेही दुसऱ्या पावसापर्यंत पिवळे पडून उपटले गेले. सगळे एका तुकड्याचे, सगळ्यांना एकच दुखणं. धड असलेलं एकही झाड माझ्या माहितीत कुठे उरलं नव्हतं.

मग एका सकाळी न्हाणीत बसल्यावर मला इंदूबाई आठवली. सवची. पुराच्या कितीतरी वर्षं आधी तिने माझ्याकडून काठाचा अळू नेला होता आणि थंडीत तो निजला तेव्हा रिकामी कुंडी घेऊन भांडायला आली होती. "मेलेला अळू विकलास मला!" मी समजावलं की तो झोपलाय, आषाढात उठेल. तिला ते पटेना. चार गिऱ्हाइकांसमोर ती म्हणाली, "झोपलाय म्हणे! खड्डा खणून पुरला मी त्याला परसात." मी तिला म्हटलं होतं, पुन्हा माझ्या जागेवर पाय ठेवू नको. तिने ठेवला नाही. ती कधीच माहेरपणाला आली नाही. माझी सुरी त्या झाडाला लागली नव्हती.

आणि अळवाला खड्ड्यात पुरणं म्हणजे काय, हे तुम्हाला आता सांगायला नको.

मी सवला गेले ती भर पावसात. गरम पाण्याच्या कुंडांकडे जाणाऱ्या वाटेवर तिचं घर. जाण्याआधी सुती साडी उकळून वाळवली होती, ती नेसले, आणि माझ्या वाफ्याकडे न फिरकता थेट एसटीत बसले. इंदूबाईने मला ओळखलं.

"काय गो, आता भांडायला तू आलीस?"

"बघायला आले. तो अळू पुरला होतास, तिथं काय हाय?"

"ता मेला! मरत नाय. दरवर्षी उठतो. खाजतो म्हणून कोण खात नाय, गुरं तोंड लावत नाय. ये, बघ."

परसात, नारळाच्या मुळाशी, माझ्या कमरेएवढा तो उभा होता. काळा दांडा, पान हातभर, आणि कडेने पांढरा काठ, सारख्या रुंदीचा. एका पानावर पीस नाही. आजूबाजूला चौदा-पंधरा पोरं. मी दहा पावलांवर थांबले.

"अशी लांब का उभी? तुजाच हाय ना?"

मी तिला सगळं सांगितलं. तिला अर्धं कळलं असेल. पण सुरी आणि पदराचं कळलं, कारण तिने स्वतःचा पदर कमरेला खोचून घेतला. मग म्हणाली, "दोनचार पोरं ने. मला काय करायचीत?"

मला ती हवी होती. पण आमच्या ओढ्याकाठी रानातल्या तेऱ्यावर अजून पीस दिसतं, मी दरवर्षी उपटते, दरवर्षी येतं. मॅडमनी सांगितलंय, घराकडे काही वर्षं अळू जातीचं काही आणू नका. काही वर्षं म्हणजे किती, ते त्यांनाही ठाऊक नाही. माझ्याकडे तेवढी आहेत का, हे मला ठाऊक आहे.

"नको," मी म्हटलं. "कुणी मागितलं तर हाताने मोडून दे. सुरी लावू नको. आणि बाहेरचा अळू इथं लावू नको, कुणी फुकट दिला तरी."

"आणि मे महिन्यात तुझ्याकडं आणू? तुझ्याकडं सगली आणतात म्हणे फोडायला."

"माझ्याकडे तर मुळीच आणू नको."

ती हसली. तिला वाटलं, जुना राग अजून गेला नाही. मी तसंच वाटू दिलं. पानाच्या खालच्या बाजूला मावा तर नाही ना, ते थोडी पुढे होऊन, न शिवता वाकून बघितलं. बघताना हात पाठीमागे धरले होते, एकाने दुसरा.